विमान नऊ तासांचं, मग फराळाला नऊ दिवस का लागले?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर खरवईच्या आपल्या दुकानात एक काकू आल्या. मुलगा नुकताच लंडनला गेलेला, घराबाहेरची त्याची पहिलीच दिवाळी. फराळाचा डबा पाठवायचा होता. "किती दिवसांत पोचेल रे?"

मी मोबाईलवर बघितलं. मुंबई–लंडन विमान साडेनऊ तासांचं. म्हटलं, "चार दिवस धरा काकू. लक्ष्मीपूजनाच्या आत नक्की!"

डबा पोचला नवव्या दिवशी, भाऊबीज उलटून गेल्यावर. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू नक्की म्हणाला होतास." ते मला अजून लागतं.

चूक कुरियरवाल्याची नाही, माझी होती. चार वेगळ्या गोष्टी मी एकच धरल्या. तुम्ही तसं करू नका.

१. अंतर : मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. हे गोलावरचं सर्वात जवळचं अंतर. विमान प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्त उडतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. शहरं जागच्या जागीच, पण बऱ्याच विमानांचा रस्ता लांबला.

२. उड्डाणाचा वेळ : जाताना साडेनऊ-दहा तास, येताना बहुतेक वेळा तासभर कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते मागून ढकलतात, जाताना समोरून अडवतात.

३. घड्याळ : लंडन आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. हा बदल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ ला निघून दहा तास उडालात, तर तिथे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर चुकतंच.

४. दारापासून दारापर्यंत : पॅकिंग, गोदाम, विमानात जागा मिळणं, दोन्हीकडचं कस्टम, मधले रविवार, शेवटची डिलिव्हरी. नऊ दिवस इथे गेले. उड्डाण त्यातला सर्वात छोटा भाग!

गिऱ्हाईक किलोमीटर विकत घेत नाही, तारीख विकत घेतं.

आता मी पावतीवर दोन तारखा लिहितो : लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. तोंडी फक्त दुसरी सांगतो. "नक्की" हा शब्द बंद. तुमचं दुकान केकचं असो, शिलाईचं असो, नाहीतर फर्निचरचं, हिशोब हाच.

मागच्या वर्षी काकू परत आल्या. म्हटलं, "बारा दिवस लागतील, दसरा झाला की लगेच द्या." डबा धनत्रयोदशीच्या आधीच पोचला.

आजचा गृहपाठ : तुमच्या शेवटच्या पाच ऑर्डरी काढा. सांगितलेली तारीख आणि दिलेली तारीख शेजारी-शेजारी लिहा. फरक किती निघाला, कमेंटमध्ये प्रामाणिकपणे सांगा. मी माझा सांगितलाय!