नागपुरात प्राण्यांचे फोटो काढताना

कुठे : महाराजबाग प्राणिसंग्रहालय भोसलेकालीन बागेत, शहराच्या मधोमध आहे आणि कृषी महाविद्यालयाच्या अखत्यारीत येते. गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. तिथे वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी बसमधून पाहायचे असतात.

कधी : सकाळी लवकर. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि दुपारी प्राणी सावली सोडत नाहीत.

जाळी असेल तर : लेन्स जास्तीत जास्त झूम करा, अ‍ॅपर्चर मोठे (एफ/४ किंवा ५.६) ठेवा. प्राणी जाळीपासून मागे सरकला की क्लिक करा. जाळी धूसर होऊन जवळजवळ दिसेनाशी होते. उन्हात चमकणाऱ्या जाळीपेक्षा सावलीतली बरी. कठडा मात्र ओलांडू नका.

बसमध्ये : लेन्स काचेच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरा, म्हणजे प्रतिबिंब कमी होते आणि हादरेही पोहोचत नाहीत. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

फोकस : नेहमी डोळ्यावर.

मोबाइल असेल तर : डिजिटल झूम टाळा, फोटो नंतर कापा.

हे नकोच : फ्लॅश, शिट्ट्या, खाऊ. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे वा खायला घालणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.