जुन्या गाडीचा टॅक्स किती?

‘दरवर्षी किती लागते?’ हा अकोला-अमरावतीत हमखास ऐकू येणारा प्रश्न. खासगी गाडीला दरवर्षी काहीच लागत नाही. महाराष्ट्रात तिचा मोटार वाहन कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो. खर्च सुरू होतो पंधरा वर्षांनंतर.

तेव्हा पर्यावरण कर येतो. 2010 च्या कायदा-दुरुस्तीत तो पाच वर्षांसाठी असा ठरला: दुचाकी 2,000, पेट्रोल कार 3,000, डिझेल कार 3,500 रुपये. म्हणजे त्या दराने पेट्रोल कारला वर्षाकाठी 600 पडतात. घाबरण्याइतकी ही रक्कम नाही.

खिशाला खरी कात्री लागते ती फेरनोंदणीच्या वेळी. जून 2008 ची एमएच 30 (अकोला) कार धरा. जून 2023 मध्ये पंधरा वर्षे संपली. एप्रिल 2022 पासूनच्या केंद्रीय दराने फेरनोंदणीचे शुल्क 5,000. उशीर केला तर महिन्याला 500 वेगळे. वीस वर्षांपुढच्या कारसाठी ऑगस्ट 2025 मध्ये हेच शुल्क 10,000 झाले.

गाडी एमएच 30 वरून एमएच 27 (अमरावती) च्या हद्दीत गेली, तरी एकरकमी कर पुन्हा नाही. बैतुल, बऱ्हाणपूर किंवा दिल्लीची स्वस्त गाडी आणली, तर मात्र वयानुसार इथला कर भरावाच लागतो. सौदा करतानाच तो धरा. वय मोजायचे ते आरसीवरच्या नोंदणी तारखेपासून, तुम्ही गाडी घेतली तेव्हापासून नव्हे.