एकाच पुराची दोन नावे : संकटकाळातील हॅशटॅग

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळुरूत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला. सकाळी महादेवपुरा, बेळ्ळंदूर आणि आऊटर रिंग रोडचा मोठा भाग पाण्याखाली होता. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कामावर निघाल्याची छायाचित्रे देशभर फिरली. शेतकऱ्याच्या वाहनाकडे या शहराने इतक्या कृतज्ञतेने क्वचितच पाहिले असेल! त्याच सुमारास शहराला कावेरीचे पाणी पुरविणारे मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील पंपिंग केंद्रही जलमय झाले. परिणामी दारात पाणी आणि नळ मात्र कोरडा, अशी अनेक वस्त्यांची अवस्था झाली.

या काळात मदतीची याचना, बंद रस्त्यांची सूचना, संताप आणि विनोद असे सारे समाजमाध्यमांवर हॅशटॅगसह येत राहिले. हॅशटॅग म्हणजे बाजार समितीत पोत्यावर मारलेला मार्का. एका मार्क्याचा माल एका ठिकाणी गोळा होतो. अडचण अशी, की शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेंगळुरू’ झाले असले, तरी अनेकांच्या बोटांची सवय ‘बँगलोर’चीच आहे. त्यामुळे ‘#बेंगळुरूरेन्स’ आणि ‘#बँगलोररेन्स’ असे दोन प्रवाह समांतर वाहिले. कोणी ‘रेन्स’ऐवजी ‘फ्लड्स’ जोडले. संगणकाला अर्थ नव्हे, अक्षरे कळतात. एका मार्क्यावर लक्ष ठेवणाऱ्याला दुसऱ्या मार्क्याखालची हाक ऐकू येण्याची खात्री नसते.

हॅशटॅगची कल्पना ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर मांडली. दोनच महिन्यांत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या वणव्यात ती आपत्तीसाठी वापरली गेली. २०१० च्या हैती भूकंपावेळी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात केट स्टारबर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. गरज कोणती, ठिकाण कोणते, संपर्क कोणाशी, या प्रत्येक बाबीला वेगळी खूण देणारी मांडणी त्यांनी सुचविली. आपद्ग्रस्तांनी ती फारशी उचलली नाही. ढिगाऱ्याखाली आप्त अडकलेला मनुष्य नमुना भरत बसत नाही, हे उघडच आहे. मात्र दूर बसलेल्या स्वयंसेवकांनी विस्कळीत संदेश वाचून ते या मांडणीत पुन्हा लिहिले आणि मदत करणाऱ्यांपर्यंत पोहोचविले. कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी या प्रयोगातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले आणि टोळधाडीचे हॅशटॅग सर्वत्र झळकू लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस बंगळुरूपासून फार दूर नसलेल्या तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात रुईच्या झाडांवर कीटकांचे पुंजके दिसले आणि ‘टोळ दक्षिणेत पोहोचले’ अशी घबराट पसरली. तज्ज्ञांनी पाहणी केली, तेव्हा ते वाळवंटी टोळ नसून स्थानिक नाकतोडे असल्याचे स्पष्ट झाले. रुईवरचा रंगीत नाकतोडा आपल्या बांधावरही दिसतो. पण हॅशटॅगखाली छायाचित्र आले, की ओळखीचा किडाही परका वाटू लागतो. अशा घबराटीत अनावश्यक फवारणी झाली, तर खर्चाबरोबर मित्रकीटकही जातात. म्हणून किडीचे छायाचित्र पुढे पाठविण्यापूर्वी ते कृषी विज्ञान केंद्राच्या पीक संरक्षण तज्ज्ञांना दाखवावे. छायाचित्रासोबत गाव, पीक, वाढीची अवस्था आणि तारीख लिहिलेली असावी. तारीख नसलेले छायाचित्र पुढच्या हंगामात पुन्हा नवे होऊन फिरते.

गारपीट, अतिवृष्टी वा किडीच्या उद्रेकासाठी तालुक्याचा एकच हॅशटॅग हंगामापूर्वीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयानेही २०१४ मध्ये अशा पूर्वनिश्चित खुणांची शिफारस केली होती. त्यात घटनेचे नाव, नागरिकांकडून येणारी माहिती आणि मदतीची मागणी यांसाठी वेगवेगळे हॅशटॅग सुचविले होते. शब्दांमध्ये मोकळी जागा वा जोडरेघ आली, की हॅशटॅग तेथेच तुटतो. देवनागरी आणि रोमन लिपीतील हॅशटॅग हे दोन वेगळे हॅशटॅग असतात, हेही आधीच सांगावे. नाहीतर तालुक्यातही बंगळुरूसारखीच दोन नावे व्हायची.

मात्र समाजमाध्यमावरील संदेश म्हणजे नुकसानीची सूचना नव्हे. पीक विम्यात स्थानिक आपत्तीचे संरक्षण जेथे लागू आहे, तेथे ७२ तासांच्या आत विहित मार्गानेच कळवावे लागते. हॅशटॅगखाली शेकडो प्रतिसाद आले, तरी ते घड्याळ थांबत नाही.

आणखी एक काम बहुधा राहून जाते. चारा पोहोचला, जनावरे हलविली, रस्ता मोकळा झाला, तरी मूळ याचना कित्येक दिवस फिरत राहते आणि मदतीची गाडी भलत्याच गावी जाते. मदत मिळताच मूळ संदेश काढून टाकावा, किंवा त्याखाली ‘मदत मिळाली’ असे तारीख व वेळेसह लिहावे. ज्याने संदेश टाकला त्याला त्या धावपळीत हे सुचत नाही; गावातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी हे काम आधीच सोपवून ठेवावे.