भ्रमणध्वनी आणि चालकाचे अवधान

समाजात प्रथम एखादे नवे साधन येते, त्याच्या सोयींबरोबर त्याचे अपायही हळूहळू ध्यानी येतात आणि मग कायदा मागून चालत येतो. वाहन चालवताना भ्रमणध्वनी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला मोबाइल, वापरण्यास जी मनाई आहे तिचा इतिहास असाच आहे. आपल्या देशाचा मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान. तेव्हा मूळ कायद्यात या यंत्राचे नावही नसावे यात नवल ते काय?

ही मनाई कशासाठी, हे समजण्याकरिता विद्यार्थिमित्रांनी एक साधे गणित करून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. फोनवर आलेला निरोप वाचण्यास तीन सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत वाहन ५० मीटर गेले. आपल्या गोव्यातील रस्ते तुमच्या परिचयाचेच आहेत. वळणामागून वळण, एका अंगास शेत, दुसऱ्या अंगास घराचे कुंपण आणि शाळा सुटली की कडेकडेने चालणारी मुले. या रस्त्यावरचे ५० मीटर चालकाने डोळे मिटून ओलांडले, असाच त्याचा अर्थ होतो.

यावर कोणी म्हणेल, ‘आम्ही डोळे रस्त्यावरच ठेवतो, फक्त कानाने ऐकतो; मग धोका कसला?’ हा आक्षेप वरवर रास्त वाटतो, परंतु तो टिकत नाही. कॅनडातील टोरांटो येथे ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी आणि त्यांच्या अपघातांच्या वेळा ताडून पाहण्यात आल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की फोन वापरत असताना टक्कर होण्याचा संभव सुमारे चौपट होतो. हात मोकळे ठेवणारे साधन वापरल्याने हा धोका कमी होतो, असेही त्यात दिसून आले नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झालेल्या अभ्यासातूनही हेच निघाले. कारण उघड आहे. माणसाला हात दोन आहेत, पण अवधान एकच. ते संभाषणात गुंतले, की डोळ्यांसमोरची वस्तू दिसूनही न दिसल्यासारखी होते. ‘चित्त थाऱ्यावर नसणे’ असे आपण म्हणतो, ते हेच.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांतही अंतर आहे. शेजाऱ्याला रस्ता दिसत असतो. अवघड वळण आले की तो आपण होऊन गप्प बसतो. दूरच्या माणसाला समोर आलेली गाय दिसत नाही. तो बोलतच राहतो.

आता कायद्याकडे वळू. जपानने १९९९ मध्ये अशी मनाई केली. अमेरिकेतील राज्यांत पहिला मान न्यूयॉर्कचा, साल २००१. ब्रिटनमध्ये हातात फोन धरण्यास १ डिसेंबर २००३ पासून बंदी झाली. परंतु ती संभाषणाच्या व संदेशांच्या देवघेवीपुरतीच होती. २०१९ मध्ये अपघाताचे दृश्य फोनने टिपणाऱ्या एका चालकाचे कृत्य त्या शब्दांत बसत नाही, असे तेथील न्यायालयाने ठरवले. अखेर मार्च २०२२ मध्ये कायदा सुधारून छायाचित्रे काढणे, खेळ खेळणे हेही त्यात आणावे लागले.

आपल्याकडेही अशीच अडचण उद्भवली होती. केवळ फोनवर बोलल्याने जनतेस धोका झाला असे मानता येणार नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या राज्याच्या पोलीस कायद्यातील कलमाचा अर्थ लावताना दिला. पुढे २०१९ मध्ये संसदेने मोटार वाहन कायदा सुधारला व १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर स्पष्ट शब्दांत ‘धोकादायक वाहनचालन’ या सदराखाली आला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक सवलत आहे: चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी, हे साधन वापरता येते.

आमच्या वाचकांपैकी बरेच जण अठरा वर्षांखालील आहेत. त्यांनी कलम १९९-अ विशेष ध्यानात ठेवावे. अल्पवयीनाने वाहन चालवताना अपराध केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपली मुलाला संमती नव्हती वा आपल्याला माहीत नव्हते, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच पडते.

एवढे असूनही कायद्याची दृष्टी एका मर्यादेपर्यंतच पोहोचते. त्याला हात दिसतो, चित्त दिसत नाही. शिरस्त्राणात फोन खोचून बोलत जाणारा दुचाकीस्वार हात मोकळे असल्याचे समाधान मानतो, पण त्याचे अवधान तर केव्हाच दुसरीकडे गेलेले असते. शिवाय संभाषणाला नेहमी दोन टोके असतात. दंड होतो तो चालकाला. फोन करणाऱ्याला कायदा विचारीत नाही. आणि तो फोन करणारा पुष्कळदा घरचाच असतो. ‘कुठवर आलात?’ ‘येताना पाव आणा,’ असे विचारणारे-सांगणारे आपणच असतो, आणि उत्तर आले नाही की पुन्हा पुन्हा फोन करणारेही आपणच.

म्हणून आमचे सांगणे चालकाइतकेच घरी बसलेल्यांनाही आहे. वडील, काका, ताई वाटेत असतील असे ठाऊक असताना फोन करू नये. केलाच आणि त्यांनी ‘गाडीवर आहे’ म्हटले, तर ‘पोचल्यावर बोलू’ एवढे म्हणून तत्काळ ठेवावा. उत्तर न येणे म्हणजे आपली उपेक्षा नव्हे. आपले माणूस रस्त्याकडे पाहत आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. हा नियम कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तो प्रत्येक घराने आपल्यापुरता करावयाचा आहे, आणि तो घालून देण्यास शाळकरी मुलांएवढे योग्य कोणी नाही.