वाचनालयात हातोडी?

मुलांनो, तुमच्या गावातलं वाचनालय आठवा पाहू. लांबलचक लाकडी टेबल, त्यावर पसरलेली वर्तमानपत्रं, शब्दकोडं सोडवणारे एखादे आजोबा, कपाटातली पुस्तकं आणि भिंतीवर पाटी : 'शांतता राखा'. आता कल्पना करा, याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवतंय, कुणी बंद पडलेला रेडिओ उघडून बसलंय आणि तुमच्याच वर्गातली एक मुलगी मोडक्या खेळण्याचं चाक बनवतेय. ग्रंथपालकाका ओरडत तर नाहीतच, उलट तेच पकड आणून देताहेत!

थाप वाटली ना? पण हे घडलंय. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात (शहरात नव्हे हं!) फेएटव्हिल नावाचं छोटं गाव आहे. वस्ती जेमतेम चार-साडेचार हजार. तिथलं वाचनालय ज्या इमारतीत आहे, तिथं पूर्वी लाकडी फर्निचरचा कारखाना होता. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या लॉरेन स्मेडली या विद्यार्थिनीनं अभ्यासाचा भाग म्हणून एक योजना मांडली. वाचनालय सगळ्यांसाठी पुस्तकं ठेवतं, मग सगळ्यांसाठी अवजारं का ठेवू नयेत? वाचनालयाला ही योजना इतकी पसंत पडली की त्यांनी लॉरेनलाच कामावर घेतलं आणि २०११ साली तिथं 'फॅब लॅब' सुरू झाली. अशा जागेला 'मेकरस्पेस' म्हणतात. आपण तिला 'करून पाहण्याची खोली' म्हणू. अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांमधली ही पहिली मानली जाते.

तिथलं सगळ्यांच्या कुतूहलाचं यंत्र म्हणजे थ्री-डी प्रिंटर. नाव भारदस्त, पण तत्त्व तुमच्या ओळखीचं आहे. आई सोऱ्यानं चकली पाडते ना? तसंच. यात पिठाच्या जागी प्लॅस्टिकची बारीक तार असते. साधारण २०० अंश सेल्सिअसला ती वितळते आणि यंत्राची सोंड, संगणकात काढलेल्या चित्राप्रमाणे, एकावर एक थर देत जाते. एक थर ०.२ मिलिमीटरचा धरला, तर २ सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला किती थर लागतील? करा हिशोब! बरोबर, शंभर. म्हणून लहानशा वस्तूलाही तासन् तास लागतात. घाई असणाऱ्यांचं हे काम नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय सांगता! तर थांबा. फेएटव्हिलच्या नऊ वर्षं आधी, २००२ साली, अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब सुरू झाली ती आपल्या पुणे जिल्ह्यात, पाबळला. एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेच्या मदतीनं. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी चांगली नोकरी सोडून १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला होता. हातानं काम करता करता माणूस शिकतो, असं ते सांगत. त्यांची मुलं वेल्डिंग करत, विटा रचत, शेती करत आणि त्यातूनच विज्ञान शिकत. पाबळचा आश्रम म्हणजे वाचनालय नव्हे, हे खरं. पण खेड्यातल्या मुलांच्या हाती अशी यंत्रं दिली तर ती बिचकत नाहीत, हे तिथं दिसलं.

मग वाचनालयच कशाला, शाळा का नको? शाळेतही हवंच. पण शाळेत तुमच्या आईला, सुतारकाम येणाऱ्या मामाला किंवा दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या दादाला कोण येऊ देणार? वाचनालयाचं दार सगळ्यांना उघडं असतं. तिथं परीक्षा नसते, आणि अडलं तर पुस्तक शेजारच्या कपाटातच असतं.

पुढचं आईबाबांनाही वाचून दाखवा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग आहेत. ड वर्गातलं वाचनालय म्हणजे बऱ्याचदा एकच खोली आणि तुटपुंजं अनुदान. तिथं यंत्रं कुठून येणार? पण साधा थ्री-डी प्रिंटर आज एखाद्या मोबाइल फोनच्या किमतीत मिळतो. गावानं मनावर घेतलं तर पैसे जमतात. माणूस जमणं त्याहून अवघड. मी एका ठिकाणी महागडं यंत्र खोक्यातच पाहिलं. 'पोरं मोडतील' म्हणून किल्ली साहेबांकडे! अहो, मोडल्याशिवाय दुरुस्ती कशी शिकणार? म्हणून आधी किल्ली सांभाळणारा नव्हे, शिकवणारा माणूस शोधायचा. गावातला वायरमन, शिंपीकाकू, निवृत्त झालेले विज्ञानाचे गुरुजी, कुणीही चालेल.

प्रिंटर नंतर आला तरी बिघडत नाही. सुरुवातीला एक टेबल, पकड, स्क्रूड्रायव्हर, कानस, सुईदोरा आणि रविवारचे दोन तास पुरतात. अवजारांची वही ठेवा. पुस्तकासारखीच नेताना सही, परत करताना सही. ठोकाठोकीची वेळ पेपर वाचणाऱ्या आजोबांना आधी विचारून ठरवा, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण! आणि एक नियम पक्का : मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय घरच्या विजेवर चालणारी कुठलीही वस्तू उघडायची नाही. सेलवर चालणारी मात्र बिनधास्त उघडा. आधी सेल तेवढे काढून ठेवा.

तर या रविवारी घरातली बंद पडलेली बॅटरी घ्या आणि ग्रंथपालकाकांकडे जा. आतली पत्ती गंजली असेल, तर पॉलिश पेपरचा तुकडाही बरोबर असू द्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.