टबाचं बूच आणि भातातल्या काड्या

जपानला जाण्याआधी मी तिथल्या रीतिरिवाजांचं एक पुस्तक अगदी पाठ करून गेलो होतो. कमरेत किती वाकायचं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, सगळं तोंडपाठ! आणि तरीही क्योतोमधल्या एका घरी पहिल्याच संध्याकाळी मी माती खाल्ली.

झालं असं, यजमानबाईंनी मला जेवणाआधी आंघोळीला जायला सांगितलं. न्हाणीघरात एक खोल टब होता. गरम पाण्यानं भरलेला, वर झाकण. मी ऐटीत आत उतरलो, साबण लावला, अंग चोळलं आणि निघताना शहाण्या मुलासारखं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं. आपली घाण आपणच काढावी, नाही का?

बाहेर आलो तर घरातल्या आजी टॉवेल घेऊन उभ्या! त्यांच्या मागे नातू. पाणी वाहून चालल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणी एक अक्षर बोललं नाही. आजी नुसत्या हसल्या, मान लववली आणि टब पुन्हा भरायला लावला. त्या दिवशी सगळ्यांची जेवणं उशिरा झाली.

काय चुकलं होतं? जपानी घरात खरी आंघोळ टबाच्या बाहेर होते. छोट्या स्टुलावर बसायचं, साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं आणि मग टबात फक्त शेकत बसायचं. टबाला ते ‘ओफुरो’ म्हणतात. त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात. म्हणून ते गरम राहावं यासाठी झाकण. पाहुण्याला पहिला नंबर देणं हा मान! उरलेलं पाणी पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला वापरतात. म्हणजे मी साबणानं पाणी नासवलं, मान घालवला आणि वर धुण्याचं पाणीही पळवलं.

हे मला सांगितलं घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, आणि तेही मी दोन दिवसांनी खोदून खोदून विचारल्यावर. तिथे पाहुण्याची चूक सहसा कोणी तोंडावर सांगत नाही. आपल्याकडे एखाद्या आत्यानं तिथल्या तिथे पाणउतारा केला असता, पण निदान कळलं तरी असतं!

चपलांच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होतो. दारात पादत्राणं काढायची, हे आपल्याला काय नवीन? पण तिथेही गंमत आहे. दाराशी जमीन थोडी खाली असते, तिथे बूट काढायचे आणि त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. मग घरातल्या सपाता घालायच्या. तातामी म्हणजे गवती चटयांच्या खोलीत त्याही काढायच्या. आणि संडासाच्या सपाता वेगळ्या! त्याच घालून बैठकीच्या खोलीत अवतरणारा परदेशी पाहुणा हा तिथला नेहमीचा विनोद आहे.

पण एक चूक अशी आहे, की तिच्यावर कोणी हसत नाही. जेवताना हातातल्या काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचायच्या नाहीत. घरात कोणी वारलं, की त्याच्यासाठी वाडग्यात भात ठेवून त्यात काड्या उभ्या रोवतात. तसंच, आपल्या काड्यांनी उचललेला घास दुसऱ्याच्या काड्यांत द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक काड्यांनीच अस्थी उचलून कलशात ठेवतात, तेव्हा काड्यांतून काड्यांत असं देणं होतं. आपल्याकडे एखाद्या पाहुण्यानं गंमत म्हणून ताटात भाताचे पिंड वळले आणि वर काळे तीळ टाकले, तर आजीला कसं वाटेल? तसंच ते. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, त्यांच्या तर काळजाला लागेल.

उलट काही गोष्टी तिथे चालतात, ज्यांच्यावरून तुम्ही घरी बोलणी खाता! शेवया, म्हणजे नूडल्स, खुशाल सुर्रऽऽ आवाज करत ओढा. भाताचा वाडगा डाव्या हातानं उचलून तोंडाजवळ धरा, तीच तिथली सभ्य रीत. पण चारचौघांत फर्रकन नाक शिंकरू नका.

रस्त्यावर कचरापेट्या फारशा दिसत नाहीत. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच स्थानकांवरच्या पेट्या काढून टाकल्या गेल्या. तरी रस्ते चकचकीत, कारण लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. हॉटेलात टिप ठेवण्याची पद्धत नाही. आगगाडीत फोनवर बोलत नाहीत. सरकत्या जिन्यावर टोकियोत लोक डाव्या बाजूला उभे राहतात, ओसाकात उजव्या! एकाच देशात दोन तऱ्हा, आता बोला.

निघायच्या आदल्या दिवशी आजींनी नातीकडून विचारलं, ‘तुमच्याकडे आंघोळ कशी करतात?’ मी बादली आणि तांब्याची खूण करून दाखवली.

‘आणि बसता कशावर?’

मी हातानंच पाटाची उंची दाखवली. आजी लगबगीनं उठल्या, न्हाणीघरातलं ते ठेंगणं लाकडी स्टूल घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. हुबेहूब आपला पाट! मग त्यांनी बूच उपटल्याचा अभिनय केला आणि अख्खं घर पोट धरून हसलं. मीसुद्धा.