पान वाढवायचे की अक्षर?

शिवलेला सदरा मोठा करून मिळेल का, असे शिंप्याला विचारून पाहा. तो आधी शिवण उलटून आत कापड किती दाबले आहे ते बघेल आणि मगच ‘हो’ किंवा ‘नवाच शिवा’ म्हणेल. छापून तयार झालेले पुस्तक मोठ्या आकारात आणायचे म्हटले की मुद्रकापुढे नेमका हाच प्रश्न असतो. गंमत अशी की, सदऱ्याच्या बाबतीत शिंप्याला विचारणारे आपण, पुस्तकाच्या बाबतीत मात्र ‘कागद मोठा घ्या, झाले!’ म्हणून मोकळे होतो.

वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातले शेलूबाजार हे नावाप्रमाणे बाजाराचे गाव. तिथल्या एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात हा पेच मी जवळून पाहिला. एका आजींना त्यांच्या भजनी मंडळाचे चौसष्ट पानांचे पुस्तक मोठे करून हवे होते. मूळ पुस्तक डेमी अष्टपत्री, म्हणजे साडेपाच इंच रुंद नि साडेआठ इंच उंच. दुकानातल्या मुलाने संगणकात पानाचे माप बदलून ए-४ केले आणि पहिले पान छापून आजींच्या हाती दिले. आजींनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि म्हणाल्या, “कागद मोठा केला रे बापू, अक्षर तं तेवढंच हाये!”

सारे मर्म त्या एका वाक्यात आले. पान मोठे करणे आणि अक्षर मोठे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. अक्षर तेच ठेवून कागद वाढवला, तर मजकूर नव्याने वाहतो. पानांची संख्या कमी होते. पण अभंगाच्या आखूड ओळींपुढे उजवीकडे रान मोकळे पडते. गद्य असेल तर उलटा ताप : ओळ इतकी लांबते की, तिच्या टोकाला गेलेली नजर परतताना पुढच्या ओळीचा आरंभच चुकते. वर्तमानपत्रे मोठ्या पानाचे रकाने पाडतात, ते उगाच नव्हे.

दुसरी रीत, पान आहे तसेच फुगवण्याची. इथे भूमिती आडवी येते. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ उंच. आपले डेमी पान सुमारे १४० बाय २१६. उंचीच्या हिशेबाने ते साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास वाढवता येते. तेव्हा रुंदी होते १९२ आणि बाजूला सतरा-अठरा मिलिमीटर कोरे उरतात. ते भरून काढायला पान आडवे ताणण्याचा मोह कोणालाही होईल. पण तसे केले की अक्षरे नऊ टक्के लठ्ठ होतात आणि काना-मात्रांचे वळण बिघडते. त्यापेक्षा ती कोरी जागा समासाला द्यावी. शिवणीकडच्या बाजूला ती कामीच येते.

मूळ पुस्तक ए-५ मापाचे असते, तर हा तिढाच नव्हता. या मापांत उंची रुंदीच्या १.४१४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी असते. त्यामुळे कागद दुमडला तरी आकाराचे प्रमाण तेच राहते. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्गने हा गुण १७८६ मध्ये एका पत्रात नोंदवला होता. १९२२ मध्ये जर्मनीने त्यावरून प्रमाण मापे ठरवली. ए-५ चे ए-४ करताना झेरॉक्सवाले १४१ टक्क्यांचे बटण दाबतात, ते याच हिशेबाने.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी असले बटण कुठले! जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून पुढची कित्येक दशके मोठे अक्षर हवे म्हणजे मोठ्या खिळ्यांनी सारा मजकूर पुन्हा जुळवायचा, पुन्हा मुद्रिते तपासायची, असाच मार्ग होता. शिसे ताणले जात नसे. त्यामुळे अक्षर आपोआपच सुडौल राही. आता ताणणे सोपे झाले आहे, म्हणून जपायला हवे.

शेलूबाजारच्या त्या मुलाने शेवटी पान प्रमाणात फुगवले. बारा पॉइंटांचे अक्षर साडेसोळाचे झाले. चौसष्ट पाने चौसष्टच राहिल्यामुळे अनुक्रमणिका हलली नाही. आणि भजनात कोणी ‘पान एक्केचाळीस’ म्हटले, तर जुने पुस्तक नि नवे पुस्तक एकाच अभंगावर उघडेल, हाही लाभ. मुखपृष्ठावरचे विठोबाचे चित्र मात्र वाढवल्यावर धूसर झाले. इंचाला तीनशे ठिपके होते, ते पसरून सव्वादोनशेही उरले नाहीत. ते चित्र मूळ प्रतीवरून पुन्हा घ्यावे लागले. कागदही दुप्पट लागला : सोळा तावांऐवजी ए-४ चे बत्तीस. मंडळाची वर्गणी काही फार मोठी नव्हे. तेव्हा हा खर्च आजींना टोचला असणारच.

पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे वाचन बहुधा बारीक अक्षरापाशीच थांबते, आणि ते थांबले हे आपल्याला कळतही नाही. ‘डोळ्यांना आता दिसत नाही’ म्हणून पुस्तक फडताळात जाते. तेव्हा आपल्या घरचे एखादे स्तोत्राचे, आरत्यांचे किंवा वंशावळीचे पुस्तक मोठे करायला टाकाल, तर सगळ्या प्रती काढण्याआधी एकच पान छापून घ्या. ते स्वतः वाचू नका. ज्यांच्यासाठी खटाटोप चालला आहे त्यांच्या हाती, त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिव्याखाली द्या. त्यांनी कागद लांब न धरता पहिली ओळ वाचली, की बाकीचे छापायला घ्या.